हरण्याची तालीम

अप्पासाहेब शेळक्यांना हरता येत नव्हतं. हे कौतुक नव्हे, तक्रार आहे. एखाद्याला पोहता येत नाही, एखाद्याचा सूर लागत नाही, तसं अप्पासाहेबांना हरता येत नव्हतं, आणि त्यापायी इंदूरच्या अख्ख्या मल्हारगंजात त्यांच्याशी पत्ते खेळायला कोणी बसेना. चौपटाचा पट उधळून झाला होता. बुद्धिबळातला वजीर एकदा विहिरीत गेला होता. रस्त्यात पुढे टांगा दिसला की यांनी सायकल दामटलीच, मग स्वतःचं घर मागे राहिलं तरी बेहत्तर.

लग्नात तर कहरच केला या माणसानं. सुपारी सोडवायचा खेळ असतो ना, त्यात आधी नवरीनं मुठीत सुपारी धरायची आणि नवऱ्यानं एका हातानं सोडवायची. मग नवऱ्यानं धरायची आणि नवरीनं दोन्ही हातांनी सोडवायची. नवरा जरा वेळ मूठ आवळतो, नवरी लाल होते, बायका हसतात, मग तो हळूच मूठ सैल करतो. सगळीकडे हेच चालतं. अप्पासाहेबांनी मूठ सोडलीच नाही. शांताबाईंची बोटं दुखून आली, करवल्या ओरडायला लागल्या, शेवटी अप्पासाहेबांची आईच म्हणाली, "अरे सोड मेल्या, बायको आहे ती तुझी, दुश्मन नव्हे!" तरी नाही. ती सुपारी सोडवायची राहिली ती राहिलीच, आणि मुलगी लग्नाची झाली तरी शांताबाई सणासुदीला तो विषय काढल्याशिवाय राहत नसत.

आजा होळकरांच्या रिसाल्यात, बाप पागेवर आणि स्वतः अप्पासाहेब पलटणीत हवालदार. संस्थान गेलं, मध्यभारत झालं, पलटणी विलीन झाल्या आणि यांना घरी बसवलं. नवं सरकार उन्हाळ्यात इंदूरला आणि हिवाळ्यात ग्वाल्हेरला जायला लागलं. अप्पासाहेब कुठेच गेले नाहीत. मल्हारगंजातल्या मारुतीच्या आखाड्यात ते उस्ताद होऊन बसले आणि पोरांना लाठी, पट्टा, बनेठी शिकवायला लागले. लाठीत त्यांना कोणी हरवलं नव्हतं हे खरं होतं. पण ते त्यांनी इतक्यांदा सांगितलं होतं की लोकांना आता ऐकून वीट आला होता.

अशा माणसाकडे एका रविवारी सकाळी पांडुरंग टेंबे आला.

टेंबे म्हणजे रेल्वेच्या मालगोदामातला बाबू. काडीसारखा माणूस, नाकावर चष्मा, बगलेत फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी. लढाईच्या आधी पोटापाण्यासाठी तो पेनांगला एका पेढीवर कारकून होता. जपानी आले, पेढीला टाळं लागलं आणि हा तिथेच अडकला. त्याच्या खालच्या खोलीत एक म्हातारा जपानी राहायचा, पोलिसांना काठी शिकवणारा मास्तर. त्याच्या विद्येला समोर दुसरा माणूस लागायचा, आणि संध्याकाळी त्याला दुसरा कोणी मिळायचा नाही. अशी ही काठी टेंबेच्या हातात आली, आणि आता इंदुरात टेंबेला दुसरा कोणी मिळत नव्हता.

"उस्ताद, आखाड्याबाहेरच्या अंगणात जरा जागा मिळाली तर," तो म्हणाला आणि फडकं सोडलं. आत शिसमाची एक काठी आणि एक लाकडी तलवार. काठी आपल्या लाठीसारखी डोक्याच्या वर जाणारी नव्हे. छातीपर्यंत येईल न येईल, सरळसोट, भरीव, दोन्ही टोकं सारखी.

"यानं काय कुत्री हाकलायची?" अप्पासाहेब म्हणाले. पोरं हसली.

टेंबेही हसला. "तलवार घ्या आणि माझ्या डोक्यावर वार करा."

अप्पासाहेबांनी केला. मनापासून केला. टेंबे डोळ्यांदेखत तिथे होता आणि पुढच्या क्षणी तिथे नव्हता. तलवार खाली दाबली गेली आणि काठीचं टोक अप्पासाहेबांच्या दोन भुवयांच्या मधे, बोटभर अंतरावर येऊन थांबलं.

"फिर से!" अप्पासाहेब गरजले. परत तेच. परत तेच. घाम फुटला, धोतर सुटायला आलं, तरी तेच. पोरांची हसायची हिंमत झाली नाही. शेवटी अप्पासाहेब म्हणाले, "टेंबेजी, दर रविवारी यायचं. आणि हे जे आज झालं ते हरणं नव्हतं, समजलं? ते मी पाहून राहिलो होतो."

"अगदी बरोबर," टेंबे म्हणाला. बाबू हुशार होता.

मग दर रविवारी सकाळी नीमाच्या झाडाखाली तालीम सुरू झाली. ठरवून बांधलेल्या डावाला जपानी लोक 'काता' म्हणतात. एकाच्या हातात तलवार, दुसऱ्याच्या हातात काठी, कोणी कुठून वार करायचा आणि कोणी कुठे सरकायचं हे सगळं ठरलेलं, आणि शेवटी काठी जिंकणार हेही ठरलेलं. टेंबे तलवार घ्यायचा, अप्पासाहेब काठी. दर खेपेला काठी जिंकायची. आता सांगा, अप्पासाहेबांसारख्या माणसाला याहून गोड विद्या कुठली मिळणार? दोन वर्षं गडी नुसता फुलून होता. पोह्यांची ताटली घेऊन सगळ्यांना सांगायचा, "बाबूला आज फिर चीत केला!" टेंबे शेजारी बसून मुकाट जिलबी खायचा.

एकदा मात्र अप्पासाहेबांनीच विचारलं, "काय हो, तुम्ही मास्तर, आणि दर खेपेला तुम्हीच हरता?"

"तलवार नेहमी मोठ्यानं घ्यायची असते, उस्ताद. जाणत्यानं. समोरून खरा वार आला नाही तर शिकणाऱ्याला काठी कळत नाही. पेनांगचा म्हातारा माझ्यापुढे रोज हरायचा."

अप्पासाहेबांचा हात पोह्यातच थांबला. "म्हणजे दोन वर्षं तुम्ही मला जिंकू देत होता?"

"जिंकू नाही हो. शिकू देत होतो."

त्या दिवशी अप्पासाहेबांनी पोहे अर्धे टाकले.

हे सगळं अंगणाला लागून असलेल्या घराच्या मागच्या दारातून आणखी एक माणूस बघत होतं. अप्पासाहेबांची मुलगी प्रेमलता. मॅट्रिक झालेली, उंच, आणि हट्टाला थेट बापावर गेलेली. सागरगोटे खेळताना ती मैत्रिणींना एक डाव सोडायची नाही. आखाड्याच्या लाल मातीत बाईमाणसानं पाऊल ठेवायचं नाही हा तिथला नियम होता, पण नीमाखालचं अंगण काही आखाडा नव्हे. प्रेमलता पाणी घेऊन यायची, जरा थांबायची, मग जरा जास्त थांबायची. एक दिवस ती परसात कपडे वाळत घालायच्या काठीनं तेच हात करताना टेंबेला दिसली. पाऊल बरोबर, कंबर बरोबर. पुढच्या रविवारी त्यानं अप्पासाहेबांना न विचारताच तिच्या हातात काठी दिली. अप्पासाहेब आधी चिडले, मग बघत राहिले, मग म्हणाले, "कोपर आत घे, प्रेमा."

तर अशा रीतीनं चाललं होतं, आणि त्या वर्षी दोन गोष्टी लागोपाठ झाल्या. पहिली म्हणजे टेंबेची रतलामला बदली झाली. दुसरी म्हणजे यशोधराबाई घरी आल्या. मुलींच्या एका शाळेच्या त्या मोठ्या बाई. खादीचं नऊवारी, आवाज हळू, नजर मात्र अशी की अप्पासाहेबांनी बसल्या जागी टोपी सरळ केली. शाळेला कवायत शिकवणारी बाई हवी होती. प्रेमलताच्या काठीबद्दल त्यांनी ऐकलं होतं.

"लाठी माझ्या मुलींच्या हातात मावत नाही," त्या म्हणाल्या. "ही मावेल. पण डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी कोणाला घेत नाही. नागपंचमीला तुमच्याकडे खेळ होतात ना? मी येते."

त्या गेल्या आणि प्रेमलता चुलीजवळ बसलेल्या आईच्या मागे जाऊन उभी राहिली. देवासचं एक स्थळ चालत आलेलं होतं, माणसं चांगली होती, श्रावण झाला की बोलणी करायची असं ठरत होतं. "आई, मला ही नोकरी हवी आहे," ती म्हणाली. "लग्नाला मी नाही म्हणत नाही. पण आधी हे. बाबांना सांग, मला ही नोकरी फार हवी आहे." आणि रडणाऱ्यातली नसूनही तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

अप्पासाहेब ओसरीवर बसून सगळं ऐकत होते. "मिळाली समज!" त्यांनी तिथूनच हाक दिली.

सांगायला काय जातं! टेंबे रतलामला. काठी प्रेमलताच्या हातात. मग तलवार कोण घेणार? दोन वर्षं समोर तलवार पाहून ज्याला दोन्ही बाजू ठाऊक झाल्या होत्या असा इंदुरात एकच माणूस उरला होता.

पहिल्याच दिवशी अप्पासाहेबांनी तलवार उगारली, वार केला, प्रेमलता ठरल्याप्रमाणे सरकली आणि काठी खाली आणायला लागली. तेवढ्यात अप्पासाहेबांचं मनगट आपोआप वळलं, तलवार काठीखालून निसटली आणि लेकीच्या खांद्यावर जाऊन टेकली.

"बाबा!"

"अगं, हात गेला. जागा मोकळी दिसली."

"जागा मोकळी नाही, ठरलेली आहे ती! तुम्ही हरायचं आहे!"

"माहीत आहे मला. मला शिकवू नकोस."

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःला बजावलं की आज काही झालं तरी हरायचं, आणि इतका मरगळलेला वार केला की जणू तुळशीला पाणी घालताहेत. समोर वारच नाही, तर प्रेमलतानं काठी कशावर मारायची? तिचा तोल गेला. मग ती चिडली, मग ते चिडले, मग आठवडाभर हेच: एक तर हा माणूस जिंकायचा, नाहीतर मेल्यासारखा उभा राहायचा. मधलं काही त्याला येईना. आखाड्यातली पोरं नीमामागे तोंड दाबून हसायची. आणि नागपंचमी तर तोंडावर आली.

एका दुपारी प्रेमलतानं काठी खाली ठेवली. आदळली नाही, ठेवली. "राहू द्या बाबा. यशोधराबाईंना निरोप पाठवते, येऊ नका म्हणून. तुमच्या जिवावर येत असेल तर मला नको." आणि ती आत गेली.

अप्पासाहेब तिथेच बसले.  मुलीचं भलं व्हावं असं वाटत नव्हतं का? जीव तुटत होता. पण हात ऐकत नव्हता. पन्नास वर्षं ज्या हातानं एक गोष्ट केली नाही, तो हात आता कुठून ऐकणार?

शांताबाई बाहेर आल्या. त्यांनी पानाचा डबा उघडला, एक अख्खी सुपारी काढली आणि नवऱ्याच्या तळहातावर ठेवली.

"धरा."

"आता हे काय मधेच?"

"धरा म्हणते ना."

अप्पासाहेबांनी मूठ वळली. शांताबाईंनी दोन्ही हातांनी ती सोडवायला घेतली. अप्पासाहेबांनी सवयीनं आवळली.

"बरोबर," शांताबाई म्हणाल्या. "अशीच आवळायची. ढिली धरलीत तर माझा अपमान. लहान मूल समजून दिल्यासारखं होतं ते. आवळा, आणखी आवळा. माझी बोटं लागली ना तुमच्या बोटांना? आता मी जोर करते. करते ना? माझा जोर तुम्हाला लागतोय ना? आता, तो लागतोय तेव्हाच, सोडा."

बराच वेळ काही झालं नाही. अप्पासाहेबांचा चेहरा लाल झाला, मानेची शीर फुगली. मग करंगळी हलली. मग बाकीची बोटं. सुपारी शांताबाईंच्या हातात आली.

त्यांनी ती पदराच्या टोकाला बांधली. "केव्हाची वाट बघत होते मी," त्या म्हणाल्या, पण चिडून नाही. "यात तुमचं काय गेलं सांगा बरं?"

 अप्पासाहेब उठले, आत गेले आणि प्रेमलताच्या खोलीच्या दाराबाहेरूनच म्हणाले, "प्रेमा, काठी घे. चल."

नागपंचमीला आखाडा झेंडूच्या माळांनी भरला होता. गदेला हळदकुंकू लागलं, नारळ फुटले, लाल मातीत कुस्त्या झाल्या. मग माणसं बाहेर अंगणात आली. जुन्या इंदुराकडून उदयसिंह पहिलवान आपली मंडळी घेऊन आला होता. लाठीत अप्पासाहेबांकडून मार खाल्लेला माणूस, वर्षानुवर्षं दात धरून होता. एका बाजूला खुर्चीवर यशोधराबाई, त्यांच्यामागे बायका, बायकांत शांताबाई.

प्रेमलतानं पदर खोचला आणि काठी घेतली. समोर बाप. दोघांनी एकमेकांना वाकून नमस्कार केला. खरं सांगायचं तर तिला यशोधराबाईंची भीती नव्हती, समोरच्या मनगटाची होती.

अप्पासाहेबांनी तलवार डोक्यावर नेली.  मग तो वार आला, आणि तो वार असा होता की पुढे बसलेली माणसं मागे सरकली. मुलगी सरकली नसती तर डोकं फुटलं असतं. पण ती सरकली. काठी फिरली, तलवारीवर खाडकन बसली, तलवार खाली गेली. एक क्षण, अगदी एकच, अप्पासाहेबांचं मनगट थरथरलं. शांताबाईंनी पदराची गाठ घट्ट धरली.

मनगट वळलं नाही. काठीचं टोक अप्पासाहेबांच्या भुवयांच्या मधे येऊन थांबलं. त्यांनी लेकीच्या डोळ्यांत बघत तलवार खाली घेतली आणि एकेक पाऊल मागे गेले.

"अरे भिया!" उदयसिंह आपल्या मंडळींकडे वळून ओरडला. "उस्ताद हार गए! पोरीनं चीत केला उस्तादला!"

सगळ्यांचे चेहरे वळले. आता पट उधळणार, हे मल्हारगंजात कोणाला सांगायला नको होतं. अप्पासाहेबांच्या नाकपुड्या फुगल्या. त्यांनी उदयसिंहाकडे पाहिलं आणि म्हणाले, "हाव, हारलो. अजून दुसरा डाव बाकी आहे, बसून बघ."

आणि ते दुसऱ्यांदा हरले. तिसऱ्यांदा हरले. दर वेळी आधीपेक्षा जोरात वार करून हरले. प्रेमलता अशी खेळली, अशी खेळली, की उदयसिंहाची मंडळीसुद्धा 'वा वा' करायला लागली.

खेळ संपला. टाळ्या थांबल्यावर यशोधराबाई उठल्या. "फार छान," त्या म्हणाल्या. "मुलीला जिंकता येतं हे पाहिलं. पण शाळेत काठी माझ्या मुलींच्या हातात असेल. तलवार मास्तरीण घेणार ना? मला तिला तलवारीच्या बाजूनं पाहायचं आहे."

प्रेमलताचं तोंड उतरलं. तलवार तिनं कधी हातात घेतली नव्हती. ती बाजू तिनं फक्त बघितली होती, आधी दारातून, मग समोरून टेंबेकाकांची, आणि या काही दिवसांत बापाची. आणि हरायचं? तेही हिनं, सागरगोट्यात एक डाव न सोडणारीनं?  हे रक्त कोणाचं हे अप्पासाहेबांइतकं कोणाला ठाऊक होतं? त्यांनी काठी घेतली. मोठ्या हौसेची त्यांची काठी, जिंकणारी. आज पहिल्यांदा ती त्यांना नकोशी झाली.

"प्रेमा," ते हळूच म्हणाले, "मूठ आवळून धर. मग..."

"माहीत आहे बाबा," ती म्हणाली. "आतून ऐकत होते मी."

तिनं तलवार डोक्यावर नेली. वार आला. बापरे, काय वार! अप्पासाहेब सरकले म्हणून बरं. त्यांची काठी तलवारीवर बसली, आणि त्यांच्या हाताला कळलं की पोरीनं सगळा जोर लावलाय, तसूभरही राखून ठेवलेला नाही. मग तो जोर लागत असतानाच तिनं सोडला. तलवार खाली गेली. काठीचं टोक लेकीच्या कपाळासमोर थांबलं. तिनं पापणी लववली नाही. बापाकडे बघत ती एकेक पाऊल मागे गेली, ताठ मानेनं, जसं घरच्या पाहुण्याला दारापर्यंत पोचवायला जावं तसं.

यशोधराबाई म्हणाल्या, "सोमवारपासून शाळेत या."

प्रेमलतानं आईकडे पाहिलं आणि आईनं पदर तोंडाला लावला. गर्दीत एकच गलका झाला. अप्पासाहेब मात्र काठी टेकून तसेच उभे होते आणि त्यांच्या मिशांवरून पाणी ओघळत होतं.

"क्या उस्ताद," उदयसिंह जवळ येऊन म्हणाला, या खेपेला जरा नरमाईनं. "हारले तेव्हा रडले नाही, आता तर जिंकले की. आता कशाला रडून राहिले?"

"जिंकलो?" अप्पासाहेबांनी त्याचा दंड पकडून त्याला प्रेमलताकडे फिरवला. "अरे माझं काय बघतोस! ती बघ. बघितलंस का, कशी हरली माझी पोरगी? आहे का तुझ्या आखाड्यात कोणाची टाप, अशी हरून दाखवायची?"